गुडघ्याच्या तेलाची नावे

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी आईच्या हातून वाचनालयाची किल्ली काढून घेतली, तेव्हा त्यांनी वापरलेला शब्द 'गांजा' हा होता. हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण पुढे प्रकरण चिघळल्यावर "मी तसं म्हणालोच नव्हतो, मी फक्त 'तसलं काहीतरी' म्हणालो," असे ते जिन्यात सांगत फिरू लागले. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. कोण काय म्हणाले हे लक्षात ठेवणे हे माझे काम, आणि माणसे ते नाकारतात तेव्हा होणारा संताप हा त्या कामातला एकमेव भत्ता.

वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची, पूर्वी सायकली ठेवायची खोली. आईने ती मागून घेतली, भिंतीला कपाटे लावून घेतली, घरोघरी रद्दीत निघालेली पुस्तके गोळा केली आणि गेली कित्येक वर्षे ती रोज दुपारी तिथे बसते. इमारतीतली पोरे येतात, हात धुवून पुस्तक घेतात, पान दुमडले तर बोलणी खातात. नोकरी संपल्यावर आणि बाबा गेल्यावर आईला या जगात जे काही उरले होते त्यात आम्हीही होतो, पण पहिला नंबर त्या खोलीचा. अडचण एवढीच की आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे कुरकुरतात. त्या गुडघ्यांसाठी माझ्या मुलीने औषधाच्या दुकानातून एक हिरवी बाटली आणली होती. हेम्प नावाच्या झाडाच्या बियांचे तेल. गुण तेलाचा की मालिशचा, याबद्दल मी ठाम विधान करणार नाही. पण तेल लावले की आई खाली उतरत असे आणि नाही लावले की उतरत नसे, हे घरातल्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

बाटलीवर पानाचे चित्र होते. बोटे पसरावीत तसे पसरलेले, कातरलेल्या कडांचे ते पान. जिना चढण्यापूर्वी पुन्हा थोडे चोळावे म्हणून आईने बाटली वाचनालयाच्या टेबलावर ठेवली होती, आणि पाण्याच्या टाकीची सूचना घेऊन सेक्रेटरी आत आले. पान त्यांनी लगेच ओळखले. कुठून ओळखले, हा प्रश्न त्यांना आजतागायत कोणी विचारलेला नाही. त्यांच्या पुतण्याच्या टी-शर्टवर तेच पान आहे आणि तो टी-शर्ट सेक्रेटरींच्याच गॅलरीत वाळत असतो, हेही इमारतीत कोणाच्या नजरेला आले नाही.

"आजी, हा गांजा आहे," सेक्रेटरी म्हणाले. इमारतीत सगळेच आईला आजी म्हणतात, तिच्याहून जेमतेम थोडे लहान असलेले सेक्रेटरीसुद्धा.

"हे तेल आहे."

"गांजाचं तेल."

"बियांचं."

"पण कसल्या बियांचं?"

"झाडाच्या. बिया झाडालाच येतात."

"आजी, इथे लहान मुलं येतात!"

"मुलांच्या गुडघ्यांना मी लावत नाही. आणि मी गांजा ओढला असता तर तुम्ही मला आत्ता इतके वाईट दिसला नसतात."

हे शेवटचे वाक्य आईला महागात पडले. सेक्रेटरींनी "चौकशी होईपर्यंत" म्हणत किल्ली खिशात घातली आणि वाचनालयाला कुलूप लागले.

मी घरी आलो तेव्हा आई पाय स्टुलावर ठेवून भिंतीकडे बघत बसली होती. "तू पेपरात आहेस ना?" ती म्हणाली. "मग सांग त्या माणसाला गांजा म्हणजे काय असतं ते. एक कागद लिहायचा, बोर्डावर लावायचा. एवढं तरी येतं ना तुला?"

एवढे मला येते अशी माझी समजूत होती.

सुरुवात ऑफिसातल्या जाडजूड शब्दकोशापासून केली. हेम्प या शब्दापुढे त्यात 'ताग' असे छापलेले होते. ताग म्हणजे ज्याची गोणपाटे होतात तो, आणि त्याचा या झाडाशी नात्यागोत्याचाही संबंध नाही. शब्दकोश करणाऱ्या विद्वानाने दोन्हींचे दोर होतात एवढे पाहिले असावे आणि पुढच्या शब्दाकडे वळला असावा. याच न्यायाने त्याने म्हैस आणि शेळी यांना एकाच ओळीत बसवले असते, दोन्ही दूध देतात म्हणून. मी कोश मिटला आणि स्वतः खणायला घेतले. आणि जसजसे वाचत गेलो तसतसा माझा पारा चढत गेला, कारण या एका झाडाबाबत सगळे जग किती बेशिस्तीने बोलते हे मला प्रथमच कळत होते.

झाड एकच, कॅनाबिस. हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याची पाने म्हणजे भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे खुडून वाळवले की झाला गांजा. फुलोऱ्यावर जो चिकट राळेसारखा चीक येतो तो गोळा करून वळला की चरस. हशीश म्हणजे बहुतेक करून चरसच. शब्द परक्या मुलखातून आला आणि मुळात त्याचा अर्थ निव्वळ वाळके गवत. मारिजुआना आणखी लांबून आला; बहुधा गांजाला म्हणतात, पण ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो पानांना आणि अख्ख्या झाडालाही म्हणतो. वीड, माल, पुडी ही सगळी रस्त्यावरची लाडाची नावे. आणि हेम्प म्हणजे याच झाडाची दोरासाठी, कापडासाठी, बियांसाठी लावलेली जात, जिच्यात नशेचा अंश नावापुरता. बियांत तर तेवढाही नाही म्हटले तरी चालेल. त्या बिया घाण्यात घातल्या की आईचे तेल. कोणी ते वाटीभर प्यायला तर त्याचे पोट बिघडेल, डोके जागेवर राहील.

हे सगळे मी एका पानात, सोप्या भाषेत लिहिले. शेवटी एक दाखलाही दिला: ऊस, रस, गूळ, साखर आणि दारू ही सगळी एकाच उसाची लेकरे, म्हणून चहात साखर घालणाऱ्याला कोणी दारुडा म्हणत नाही. दाखल्यावर मी खूश होतो. माझ्या हातून पुरवणीत छापून आलेले कित्येक लेख याहून वाईट होते. सकाळी कागद बोर्डावर लावला आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी परतलो तर तळमजल्यावरचे बँकवाले काका दारातच उभे होते. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला, पण समोरच्या माणसाची सही खोटी असावी असे बघण्याची सवय गेलेली नाही.

"वाचलं तुमचं," ते म्हणाले. "अभ्यास दांडगा आहे हं."

"धन्यवाद."

"मादी झाडाचे शेंडे खुडायचे. वाळवायचे. आम्हाला काही कल्पनाच नव्हती." ते माझ्या डोळ्यांत निरखून पाहत होते, म्हणजे बाहुल्यांचा आकार तपासत होते. "हे सगळं तुम्हाला... अनुभवातून?"

"पुस्तकातून."

"हो हो, पुस्तकातूनच म्हणा. माझं ऐका, आता सोडायची केंद्रं असतात. कुणाला कळतसुद्धा नाही. माझ्या साडूचा मेहुणा जाऊन आला, आता छान दुकान चालवतो."

काका, मला सोडण्यासारखे काही लागलेलेच नाही, असे मी म्हणालो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळे सुरुवातीला असेच म्हणतात असे सांगितले.

घरात शिरताच बायको म्हणाली, "काय गरज होती हो? सकाळपर्यंत नुसता आईंवर संशय होता."

"मी फक्त शब्दांचे अर्थ सांगितले."

"तेच ना! ज्याला काही माहीत नसतं तो गप्प बसतो, म्हणून तो सज्जन दिसतो. तुम्ही कृती लिहून लावलीत. वरच्या मजल्यावरच्यांनी फोटो काढून घेतलाय."

या जगात अडाणी असणे हा चारित्र्याचा दाखला आहे आणि दोन शब्दांतला फरक ठाऊक असणे हा गुन्ह्याचा पुरावा, हे मला माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ऐकावे लागले. मी तणतणत सेक्रेटरींकडे गेलो. ते अंगणात झोपाळ्यावर बसले होते.

"ते पान, फूल, चीक वगैरे ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण शेवटी तेच ते ना?"

"तेच ते नव्हे, हेच तर मी लिहिलंय!"

"अहो, तुम्ही लिहिणार तुमच्या आईच्या बाजूने. कुणाकडून तरी लेखी आणा. अधिकृत. मग किल्ली देतो."

बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी आणा. साधी सूचना होती आणि ती ऐकली असती तर ही हकीकत इथेच संपली असती. पण मी वर्तमानपत्रातला माणूस. आमच्यात एक पद्धत आहे: बातमीची खातरजमा त्रयस्थाकडून करायची, आणि तीही ज्याच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन असेल त्याच्याकडून. डॉक्टर हे आईचेच डॉक्टर, म्हणजे एका बाजूचे. या विषयात सर्वांत वजनदार शब्द कोणाचा? पोलिसांचा. दुसऱ्या दिवशी आईच्या पायाला तेल लावून होताच मी ती हिरवी बाटली पिशवीत घातली आणि ताठ मानेने पोलीस ठाण्यात गेलो. तुरुंगात इतकी माणसे असतील, पण स्वतःच्या पायांनी, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, पुरावा पिशवीत घेऊन ठाण्यात गेलेला इसम त्यांत एकही नसेल.

टेबलामागे एक अंमलदार कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"मला तुमच्याकडून एवढंच लिहून हवंय," मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली, "की हा गांजा नाही."

त्यांनी बाटलीवरचे पान पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. "हा गांजा आहे असं कोण म्हणतं?"

"आमचे सेक्रेटरी."

"त्यांनी तक्रार दिलीय?"

"नाही."

"मग कोणी दिलीय?"

"कोणीच नाही. मीच आलोय."

"म्हणजे तक्रार नसताना तुम्ही स्वतःहून सांगताय, की हा गांजा नाही."

"बरोबर."

"हं," अंमलदार म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. त्या 'हं'मध्ये मला सावध करण्याची पुरेपूर ताकद होती, पण मी बेसावध राहिलो.

"आता तुम्ही आणलंय तर नोंद करावी लागणार," ते म्हणाले. "प्रकार काय घालू? यात गांजा आहे, चरस आहे, भांग आहे, हशीश आहे. तेल नाही."

"'इतर' नाही का?"

"आहे. पण 'इतर'ला वरच्या साहेबांची सही लागते आणि साहेब बंदोबस्तावर आहेत. यातलंच एक सांगा."

"यातलं हे एकही नाही हेच तर मी सांगतोय! भांग म्हणजे पानं. गांजा म्हणजे फुलोरा. चरस म्हणजे चीक. हशीशही तेच. हशीश तेल नावाचा एक पातळ प्रकार असतो खरा, तो फार कडक, पण तो वेगळा, ते आणि हे..."

"असतो ना असा प्रकार?"

"असतो, पण हा तो नव्हे."

"हशीश... तेल," अंमलदारांनी एकेक अक्षर दाबत टाइप केले. "झालं बघा. एवढं नीट सांगणारा माणूस आमच्याकडे येत नाही कधी. नाहीतर आम्हाला कोण शिकवणार?"

मी बाटली उचलायला हात पुढे केला तर त्यांनी ती आपल्याकडे सरकवली. जमा केलेली वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत जाते. परत कधी मिळेल? यथावकाश. लेखी काही मिळेल? तपासणीनंतर. तोवर माझ्या आईच्या गुडघ्यांचे काय? हे त्यांच्या अखत्यारीत येत नव्हते. मी अधिकृत कागद आणायला गेलो होतो आणि तेल गमावून आलो.

आईने सगळे ऐकून घेतले. तिचा राग आवाजात येत नाही. ती शांत होते आणि शब्द मोजून टाकते.

"बाटली कुठाय?"

"ठाण्यात."

"आणि किल्ली?"

"सेक्रेटरींकडे."

"म्हणजे सकाळी माझ्याकडे निदान तेल तरी होतं."

त्या संध्याकाळी मी ऑफिसात टेबलाशी बसलो होतो. आमचा गुन्हे वार्ताहर, ज्याला आम्ही 'सूत्र' म्हणतो कारण त्याला सगळे सूत्रांकडूनच कळते, त्याने बातमी पाठवली. ती नेमकी माझ्यापुढे आली. एका मध्यमवयीन इसमाने पोलीस ठाण्यात हशीश तेलाची बाटली आणून दिली असून त्यामागे मोठी साखळी असावी असा सूत्रांचा अंदाज होता. इसमाला अमली पदार्थांची 'सखोल माहिती' असल्याने पोलीसही चक्रावले होते.

मी बातमी घेऊन मुख्य उपसंपादकांकडे गेलो. त्यांना आम्ही त्यांच्या पाठीमागे 'पर्याय' म्हणतो. एका बातमीत एक शब्द दोनदा येता कामा नये, वाचक कंटाळतो, असा त्यांचा नियम आहे आणि त्या नियमासाठी ते कोणाचाही बळी देऊ शकतात. त्यांच्या हाताखाली पहिल्या वाक्यातला बिबट्या दुसऱ्यात वाघ होतो आणि तिसऱ्यात वनराज. बिबट्याला याची कल्पना नसते म्हणून बरे.

"साहेब, ही बातमी चूक आहे. हे बियांचं तेल आहे. हशीश नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"इसम मीच आहे."

पर्यायसाहेबांनी चष्मा काढला. आजूबाजूच्या कीबोर्डांचा आवाज थांबला. माझी उभ्या आयुष्यातली सचोटी त्या टेबलांवर चाचपली जात आहे हे मला जाणवत होते.

"मग तर तुम्ही हिला हातसुद्धा लावू नका," ते म्हणाले. "हितसंबंध आले. मी स्वतः बघतो."

"बघा, पण शब्द बदलू नका. एवढी एकच विनंती. जो काही शब्द असेल तो शेवटपर्यंत एकच ठेवा."

"नोकरीला लागून इतकी वर्षं झाली," पर्यायसाहेब मायेने म्हणाले, "आणि अजून तुम्हाला भाषेची श्रीमंती कळत नाही."

सकाळी ती श्रीमंती छापून आली. शीर्षकात गांजा. पहिल्या वाक्यात हशीश. दुसऱ्यात चरस. तिसऱ्यात भांग. आणि तोवर या झाडाची सगळी नावे खर्ची पडल्यामुळे शेवटच्या वाक्यात: 'ही अफू कोठून आली, याचा पोलीस शोध घेत आहेत.'

अफू! अफू खसखशीच्या बोंडांची. तिचे झाड वेगळे, कूळ वेगळे, नशा वेगळी, शिक्षा वेगळी. माझ्या आईच्या गुडघ्याचे तेल एका रात्रीत, निव्वळ पुनरुक्ती टाळण्याच्या हौसेपायी, शेतच बदलून मोकळे झाले होते. मी वर्तमानपत्र मुठीत चुरगळले. असे मी पूर्वी कधी केले नव्हते, कारण त्यात माझा पगार छापला जातो अशी माझी भावना आहे.

बातमीत नाव नव्हते, पण इमारतीत त्याची गरजही नव्हती. सेक्रेटरींनी कात्रण कापले आणि ते कोणी फाडू नये म्हणून स्टुलावर चढून बोर्डाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात लावले. हात उंच करून शेवटची टाचणी दाबताना त्यांची कंबर लचकली. त्या बातमीने त्या दिवशी केलेली ही एकमेव वाजवी गोष्ट. कमरेवर हात ठेवूनच त्यांनी खाली लिहिले: 'संध्याकाळी सभा. विषय: वाचनालयाची खोली परत घेणे.'

वाचनालयाच्या बंद दारापाशी पोरांनी वाचून झालेली पुस्तके रचून ठेवली होती. कोणीतरी वर पाण्याची बाटली ठेवली होती, वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून.

सभा त्याच खोलीत होती. सेक्रेटरींनी कुलूप काढले, सगळे आत बसले, आणि मी जिन्यात आईचे खाली येणे ऐकत राहिलो. तेल नव्हते. कठड्याला धरून एक पायरी, मग थांबणे, मग दुसरी. मी हात द्यायला वर गेलो तर तिने तो झटकला. "तू खाली जाऊन काय बोलायचं ते पाठ कर. थोडक्यात."

ती येऊन आपल्या खुर्चीत बसली. सेक्रेटरी तिरके उभे होते, त्यांना बसता येत नव्हते. मी उठलो.

"मूळ झाड एकच आहे," मी सुरुवात केली.

"झाड नको!" मागून कोणीतरी ओरडले.

"झाडाशिवाय पान कसं समजणार?"

"परवापासून तुमचं झाडच चाललंय," बँकवाले काका म्हणाले. "पेपरात काय आलंय ते बोला. आधी गांजा, मग चरस, मग अफू. तीन-तीन प्रकार सापडलेत."

"एकच बाटली होती!"

"एका बाटलीत तीन?" काका हादरले. "मिश्रण?"

माझा तोल सुटला. मी त्या सभेत काय काय बोललो ते सगळे इथे देत नाही, पण त्यात शब्दकोश करणारा विद्वान, पोलीस खात्याचा कॉम्प्युटर, भाषेची श्रीमंती आणि सेक्रेटरींच्या पुतण्याचा टी-शर्ट या सर्वांचा समाचार होता. टी-शर्टचा उल्लेख झाल्यावर सेक्रेटरी ताडकन सरळ व्हायला गेले आणि "आई गं" म्हणून पुन्हा वाकले. खोलीत गोंगाट झाला. आई टेबलावरची पुस्तके एकावर एक नीट लावत होती, जणू पुन्हा लावायला मिळणार नाहीत अशी.

त्या गोंगाटात बँकवाल्या काकू, ज्यांना मी सभेत कधी तोंड उघडताना पाहिले नव्हते, आईकडे वळून म्हणाल्या, "आजी, मला एवढंच सांगा. ते हर्बल आहे का?"

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या.

हर्बल! म्हणजे वनस्पतीपासूनचे. त्या अर्थाने भांग हर्बल आहे, गांजा हर्बल आहे, चरस हर्बल आहे आणि पर्यायसाहेबांची अफूसुद्धा शंभर टक्के हर्बल आहे. या प्रश्नाने काहीही सिद्ध होत नाही हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले आणि माझ्या पायावर आईचा पाय पडला. दुखऱ्या गुडघ्याच्या मानाने त्यात चांगलाच जोर होता.

"हो," आई म्हणाली. "हर्बल."

"मग आधी नाही का सांगायचं!" काकू म्हणाल्या. खोलीभर सुटकेचा श्वास पसरला. हर्बल आहे म्हणे. अहो, हर्बलच आहे. मी आधीच म्हणत होते. कुठे मिळतं? कंबरेला चालतं का? काका म्हणाले, हे लिहायचं सोडून हे गृहस्थ मादी झाड काय लिहीत बसले.

"ते सगळं ठीक आहे," सेक्रेटरी वाकूनच म्हणाले, "पण लेखी नाही." त्यांनी किल्ली खिशातून काढली नाही. आई जशी उतरली होती त्याहून हळू वर गेली.

मी ऑफिसात जाऊन खुलाशासाठी भांडलो. पर्यायसाहेब म्हणाले, आपण चुका मान्य करतो, आपली परंपरा आहे. आणि आतल्या पानावर, तळाला, हवामानाच्या शेजारी छापले: 'कालच्या बातमीत अफू असा उल्लेख झाला आहे. तो मादक द्रव्य असा वाचावा.' मी राजीनामा लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्यात एक शब्द दोनदा आला म्हणून तो फाडला.

दरम्यान बायकोने औषधाच्या दुकानात जाऊन "ते हिरवं द्या" म्हटले आणि दुकानदाराने खोबरेलाशेजारची बाटली काढून दिली. कोणी कोणाला काही विचारले नाही. पहिली बाटली अजून यथावकाशात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या गुडघ्यांना तेल चोळत बसलो होतो. बेल वाजली. दारात सेक्रेटरी. तीन मजले चढून आल्याने चेहरा घामेजलेला, अंग काटकोनात वाकलेले. एका हातात स्टीलची वाटी होती. दुसऱ्या हातात वाचनालयाची किल्ली होती.

"रात्रभर डोळा नाही," ते म्हणाले. "या कुशीवर होता येत नाही, त्या कुशीवर होता येत नाही. लेखीचं जाऊ द्या आता." आणि मग वरच्या-खालच्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात, वाटी पुढे करून: "तो तुमचा गांजा जरा वाटीभर द्या हो. कमरेला लावायचाय."

माझ्या कानशिलात रक्त चढले. पान, फुलोरा, चीक, बिया, सगळे एकदम जिभेवर आले. मी तेलकट हातांनी उभा राहिलो आणि म्हणालो, "सेक्रेटरी, एक मिनिट. गांजा म्हणजे..."

"आधी किल्ली घे," आई आतून म्हणाली. "मग काय शिकवायचं ते शिकव."

मी किल्ली घेतली. आईने ती माझ्या हातून काढून पदराला पुसली, कारण मी ती तेलकट केली होती, आणि ती उठून जिन्याकडे निघाली. मी वाटी भरली आणि दारात उभा राहून सेक्रेटरींना पहिल्यापासून सगळे समजावले. त्यांनी मान हलवत, कमरेवर हात ठेवून, शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"कळलं," सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे तेच ते."

खालून कुलूप उघडल्याचा आवाज आला.